दोन लाख व्ह्यूज, पण आपल्या प्रभागातले किती?

निवडणुकीच्या तयारीतले इच्छुक, त्यांची खाती सांभाळणारे कार्यकर्ते आणि हे सगळं रोज फोनवर बघणारे मतदार, अशा तिघांकडूनही पत्रं आली आहेत. ती या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

आमचे भाऊ महापालिकेसाठी इच्छुक आहेत. एजन्सी महिन्याला तीस पोस्ट करते: सण, जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस. लाइक्स पन्नासच्या वर जात नाहीत. दहीहंडीचं एक रील मात्र दोन लाख लोकांनी पाहिलं. आता तशीच रीलं करायची का? – एक कार्यकर्ता, भांडुप

आधी साधा हिशेब करू. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. महापालिकेचे प्रभाग २२७. म्हणजे एका प्रभागात सरासरी ५५ हजार माणसं, आणि मतदार त्याहूनही कमी. दोन लाख व्ह्यूज आले याचा अर्थ ते रील बहुतांशी प्रभागाबाहेर, मुंबईबाहेरही फिरलं. दहीहंडीचे थर कुणालाही बघायला आवडतात, पण बघणाऱ्याला भाऊंचं नाव लक्षात राहत नाही. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये प्रेक्षकांची शहरं दिसतात, प्रभाग दिसत नाही. म्हणून व्ह्यूज मोजत बसू नका. आठवड्यात प्रभागातून किती मेसेज आले, त्यातले किती कामाचे होते आणि किती मार्गी लागले, याची एक वही ठेवा. तुमचं खरं मोजमाप त्या वहीत आहे.

तीस पोस्टपैकी शुभेच्छांच्या पाच-सहा ठेवा, बाकीच्या काढा. गणेश चतुर्थीला सगळे इच्छुक, बिल्डर आणि सराफ एकाच साच्यातला गणपती टाकतात. तिथे अंगठा थांबत नाही. तो थांबतो आपली गल्ली दिसल्यावर.

समजा, गटाराचं झाकण तुटलंय. पंचेचाळीस सेकंदांचं रील असं करा. पहिले तीन सेकंद फक्त झाकण आणि त्याच चौकटीत ओळखीची खूण: चाळीची पाटी, मंदिराची कमान, बसथांबा. भाऊंचा चेहरा इथे नको. पुढचे पंधरा सेकंद तिथल्या रहिवाशाला बोलू द्या. झाकण कधीपासून तुटलंय, कोण पडलं, रात्री दिवा असतो का. चित्रीकरणाआधी त्यांची परवानगी घ्या. मग पडद्यावर तक्रारीचा क्रमांक आणि तारीख दाखवा. महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. त्यानंतर महापालिकेच्या एस विभाग (भांडुपचा विभाग) कार्यालयात दिलेल्या अर्जाची पोच, शिक्का वाचता येईल इतक्या जवळून. शेवटच्या आठ-दहा सेकंदांत भाऊंनी एकच वाक्य बोलायचं: पुन्हा कधी येऊन बघणार, तो वार आणि ती तारीख.

दुसरं रील त्या तारखेला. तीच जागा, तोच कोन, जमलं तर दिवसाची तीच वेळ. काम झालं असेल तर ते दिसेल. नसेल झालं तर तसं सांगा आणि आता कुणाकडे गेलात तेही सांगा. बहुतेक इच्छुक इथेच चुकतात. काम झालं नाही की दुसरं रील टाकतच नाहीत, आणि पहिलं पाहिलेला माणूस समजायचं ते समजतो. अपुऱ्या कामाचं खरं रील लोक स्वीकारतात. तारीख देऊन गायब झालेला माणूस त्यांना चालत नाही.

श्रेयाच्या बाबतीत शब्द जपून वापरा. भाऊ नगरसेवक नाहीत, त्यांच्याकडे निधी नाही, त्यामुळे ‘माझ्या प्रयत्नाने मंजूर’ असं लिहिणं धोक्याचं आहे. ‘तक्रार केली’, ‘पाठपुरावा केला’ आणि ‘काम करून घेतलं’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत; जे घडलं तेच लिहा. सोसायटीच्या सेक्रेटरीने आपल्या जुन्या अर्जाचा फोटो कमेंटमध्ये टाकला तर सहा महिन्यांची मेहनत एका दुपारी जाते.

आता थोडं तांत्रिक. रील १०८० बाय १९२० मापात, उभं. वरचा सातवा भाग आणि खालचा जवळपास एक तृतीयांश भाग मजकुरासाठी वापरू नका, तिथे खात्याचं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. लोकलमध्ये उभी माणसं आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून प्रत्येक वाक्य अक्षरांत हवं. मराठी स्वयंचलित कॅप्शनवर विसंबू नका. आडनावं आणि वस्त्यांची नावं हमखास बिघडतात. काही एडिटिंग अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ‘कार्यकर्ते’मधला रफार भलत्याच अक्षरावर बसतो. मुक्त किंवा बलू हे फाँट घ्या. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले आहेत, मोफत आहेत आणि देवनागरी नीट बसते. तयार झालेलं रील एकदा स्वस्तातल्या फोनवर उन्हात धरून वाचा. तिथे वाचता आलं तर सगळीकडे वाचता येईल.

खात्याचं नाव मतपत्रिकेवर येणार तेच ठेवा. ‘कार्यसम्राट’, ‘युवा हृदयसम्राट’ ही बिरुदं शोधपेटीत कुणी टाइप करत नाही. डीपी सगळीकडे एकच, साध्या पार्श्वभूमीवर, समोर बघणारा, अलीकडचा. विधानसभा-लोकसभेच्या मतदान यंत्रावर २०१५पासून उमेदवाराचा फोटो असतो. फोनवर पाहिलेला चेहरा तिथे ओळखू यायला हवा. दहा वर्षांपूर्वीचा गॉगलवाला फोटो काढून टाका.

एक जण दहा हजार फॉलोअर स्वस्तात मिळवून देतो म्हणतो. घ्यावेत का? – एक इच्छुक, चारकोप

नका घेऊ. विकतचे फॉलोअर तुमचं रील बघत नाहीत. नवी पोस्ट आधी काही फॉलोअरना दाखवली जाते. ते थांबले नाहीत तर ती पुढे कमी जाते. म्हणजे पैसे देऊन तुम्ही चारकोपच्या खऱ्या माणसांपर्यंतची वाट अडवता. शिवाय हे झाकून राहत नाही. वीस हजार फॉलोअर, बारा लाइक आणि कमेंटमध्ये परदेशी नावांचे नुसते अंगठे, हे विरोधकाच्या मुलाला दोन मिनिटांत दिसतं. दुसऱ्याचं चालू पेज विकत घेणंही तसंच. पेजचं जुनं नाव कुणालाही बघता येतं.

पैसे घालायचेच तर बूस्टमध्ये (पैसे भरून पोस्ट ठरावीक भागात दाखवण्यात) घाला, पण नकाशा नीट बघून. महापालिकेच्या २२७ प्रभागांचं सरासरी क्षेत्र साधारण दोन चौरस किलोमीटर पडतं. टाचणी रोवून एक किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तरी ते तीन चौरस किलोमीटरहून मोठं होतं, आणि मुंबईचे प्रभाग काही गोल नाहीत. त्रिज्या जितकी मोठी, तितके पैसे शेजारच्या प्रभागांत सांडतात. म्हणून रीलच्या पहिल्या ओळीतच वस्तीचं नाव लिहा, म्हणजे बाहेरचा माणूस पुढे सरकतो आणि आपला थांबतो.

प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि माझ्या जाऊबाई उभ्या राहत आहेत. पेज दिरांचे मित्र चालवतात. प्रत्येक पोस्टमध्ये भावजींचा फोटो मोठा, जाऊबाई कोपऱ्यात. शिवाय कमेंटमध्ये फार घाण लिहितात. – एक वाचिका, कन्नमवार नगर, विक्रोळी

पहिली गोष्ट आजच करा. पेजचा पूर्ण ताबा जाऊबाईंच्या स्वतःच्या फोन नंबरवर घ्या. मग दोन आठवडे भावजींचा फोटो न टाकता चालवून बघा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मतपत्रिकेवर नाव बाईंचं आणि पेजवर चेहरा नवऱ्याचा असेल तर मतदार गोंधळतो, आणि निवडून आल्यावर लोक कामं घेऊन नवऱ्याकडेच जातात. जाऊबाईंना कॅमेऱ्यासमोर भाषण करायला लावू नका. नळाला पाणी किती वाजता येतं, किती बादल्या भरतात, दवाखान्यात रांग कुठपर्यंत जाते, हे त्यांना जसं माहीत आहे तसं बोलू द्या. बोलताना त्या अडखळल्या तर ते कापू नका.

घाण कमेंटचे दोन भाग पाडा. टीका असेल, कडक असेल, तर ठेवा आणि उत्तर द्या. शिवीगाळ आणि चारित्र्यावरचं बोलणं लपवा. फेसबुक व इन्स्टाग्रामवर शब्दांची यादी भरता येते, ते शब्द असलेली कमेंट आपोआप लपते. यादीत मराठी शिव्या देवनागरीत आणि रोमन अक्षरांतही भरा, मधे तारे टाकून लिहिलेल्या रूपांसह. ही यादी बाईंना करायला लावू नका, दुसऱ्याने करावी. फोटोत छेडछाड करून टाकला असेल किंवा धमकी असेल तर काहीही खोडण्याआधी चार गोष्टी जपा: पोस्टची लिंक, खात्याच्या पानाची लिंक, तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि तो प्रथम कुणी पाहिला त्याचं नाव. नुसता स्क्रीनशॉट पोलिसांना पुरत नाही. खात्याचं नाव बदलतं, लिंकवरून खातं सापडतं. हे घेऊन तुमच्या विभागाच्या सायबर पोलीस ठाण्यात जा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या, आणि प्लॅटफॉर्मकडेही.

व्हॉट्सअ‍ॅपवर चाळींच्या गटांत रोज मेसेज टाकतो. आता लोक गट सोडतायत, आणि एक नंबरही बंद झाला. – एक कार्यकर्ता, गिरगाव

नंबर बंद होतो तो अनोळखी लोकांना एकदम मेसेज गेल्याने आणि त्यांनी ‘ब्लॉक’ किंवा ‘रिपोर्ट’ दाबल्याने. त्यात बल्क मेसेजचं बाहेरचं सॉफ्टवेअर वापरलं असेल तर अधिक लवकर. विकत घेतलेल्या याद्या फेकून द्या. मतदार यादीत मोबाइल नंबर नसतात. ‘प्रभागाचा डेटा’ म्हणून जे विकलं जातं ते कुठून तरी, लोकांना न विचारता आणलेलं असतं.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ही अट तुमच्या फायद्याची आहे. दारोदार फिरताना पत्रक देऊन पुढे जाऊ नका. त्यांच्याच फोनवर नंबर सेव्ह करून घ्या, आणि तुमच्याकडे त्यांचं नाव ‘इमारत-मजला-नाव’ असं सेव्ह करा. प्रत्येक इमारतीची वेगळी यादी. ‘तुमच्या वाडीत उद्या पाणी उशिरा’ हा मेसेज त्या वाडीलाच गेला पाहिजे. साऱ्या गिरगावला गेला तर तो नुसता आणखी एक फॉरवर्ड ठरतो. आठवड्याला तीन मेसेज पुरे. दुसऱ्यांच्या चाळीच्या गटात प्रचार टाकूच नका, तो गट त्यांचा आहे. व्हॉट्सअ‍ॅप चॅनल सुरू करा, पण त्यावर भिस्त नको. ते एकतर्फी असतं आणि इथे माणसाला उत्तर हवं असतं.

पूर्वी शाखेबाहेर फळा असायचा. सकाळी खडूने लिहिलेल्या चार ओळी येणारा-जाणारा वाचायचा. मेसेज तेवढाच ठेवा.

विधानसभेच्या उमेदवाराचा हिशेब बघायचं काम माझ्याकडे येणार आहे. समाजमाध्यमांवरचा कोणता खर्च धरायचा, परवानगी कशाला लागते? – एक वाचक, घाटकोपर

केंद्रीय निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी याबाबत सूचना काढल्या, आजही पाया तोच आहे. उमेदवाराने नमुना २६च्या शपथपत्रात आपली समाजमाध्यम खाती लिहायची. खर्चात तीन गोष्टी येतात: कंपन्यांना जाहिरातीसाठी दिलेले पैसे, मजकूर-व्हिडिओ तयार करण्याचा खर्च, आणि खाती सांभाळणाऱ्यांचे पगार. तिसरी बाब सर्रास राहून जाते. ‘पोरं आपलीच आहेत’ म्हणतात, आणि मानधन दिलेलं मात्र असतं.

मर्यादा विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. हिशेब उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. आधी बनवलेला व्हिडिओ अर्ज भरल्यानंतर वापरला तर त्याचा खर्चही धरायचा. एजन्सीचं बिल मागच्या तारखेचं असून उपयोग नाही. निवडणुकीचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा आणि जाहिरातीच्या अकाउंटला त्याच खात्याचं कार्ड जोडा. भाच्याच्या क्रेडिट कार्डावरून बूस्ट करणं ही मुंबईतल्या तरुण टीमची नेहमीची चूक. तो दुसऱ्याने केलेला खर्च ठरतो, आणि उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याने त्याच्या प्रचारावर खर्च करणं गुन्हा आहे. जाहिरातींच्या पावत्या बिलिंग विभागातून रोज उतरवा, कर धरून रक्कम लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दाखल करावा लागतो. चुकला तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

परवानगीचं गणित असं. स्वतःच्या खात्यावर टाकलेली साधी पोस्ट जाहिरात धरली जात नाही. त्याच पोस्टमागे पैसे लावले की ती जाहिरात होते आणि जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून आधी प्रमाणपत्र लागतं. उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज द्यायचा. सोबत व्हिडिओच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता (व्हिडिओतला मजकूर लेखी) आणि खर्चाचा तपशील. संहितेत पडद्यावरची अक्षरंही लिहा. प्रमाणपत्रानंतर व्हिडिओत एक शब्द बदलला तरी तो नवा व्हिडिओ समजा. म्हणून दहा छोट्या व्हिडिओंचे अर्ज सुरुवातीलाच एकत्र द्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ होत नाही. मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) राजकीय जाहिरातीसाठी ओळखपत्र पडताळणी आणि ‘पैसे कुणी भरले’ ही ओळ लागते. ती नसेल तर जाहिरात मधेच थांबते. ही पडताळणी उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान पंधरा दिवस आधी उरका.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचार बंद. इथे माणूस विसरतो आणि यंत्र चालत राहतं. जाहिरात सुरू करतानाच तिची समाप्तीची तारीख-वेळ भरा, शेड्यूल केलेल्या पोस्ट हाताने तपासा. मुलांना प्रचारात वापरू नये असं आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी बजावलं आहे. त्यामुळे जूनमधल्या वह्या-वाटपाची मुलांची दृश्यं प्रचाराच्या व्हिडिओत नकोत. जवानांचे फोटोही नकोत.

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथली मर्यादा आणि आदेश वेगळे असतात, ताजी प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून घ्या.

आमचे उमेदवार मराठीत बोलतात. धारावीत तमिळ, हिंदी, गुजराती मतदार आहेत. एआयने त्यांच्याच आवाजात तमिळ भाषण केलं तर चालेल का? – एक वाचक, धारावी

स्पष्ट लेबल लावून करता येतं. आयोगाच्या २०२५च्या सूचनेनुसार लेबल पडद्याच्या किमान १० टक्के भागावर, व्हिडिओत वरच्या बाजूला, आणि नुसता आवाज असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात हवं. साठ सेकंदांच्या ध्वनिफितीत पहिले सहा सेकंद त्यातच जातील. आपल्या अधिकृत खात्यावर कुणाची दिशाभूल करणारी बनावट फीत आली आणि ते लक्षात आणून दिलं गेलं, तर तीन तासांत काढावी लागते. म्हणजे रात्रीही कुणीतरी जागं हवं.

आमचा सल्ला मात्र वेगळा आहे. उमेदवाराने मराठीत बोलावं आणि शेजारी वस्तीतला तमिळभाषक कार्यकर्ता उभा राहून त्याने आपल्या भाषेत सांगावं. धारावीत माणसं एकमेकांना ओळखतात. ज्याला तमिळ येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याने अचानक अस्खलित तमिळ बोललं की उरलेलं सगळं खोटं वाटू लागतं. शेजारचा ओळखीचा मुलगा बोलला तर त्याच्यामागे त्याची गल्ली असते. आणि दिवंगत नेत्याचा आवाज बनवून त्याच्याकडून पाठिंबा वदवून घेऊ नका. लेबल लावूनही नाही.

रोज एका इच्छुकाचं कौतुक फोनवर येतं. पैसे कोण भरतंय हे साध्या मतदाराला कळू शकतं का? – एक वाचिका, मुलुंड

बरंचसं कळतं. पोस्टवर ‘प्रायोजित’ लिहिलं असेल तर तिथेच पैसे भरणाऱ्याचं नाव असतं. मग ब्राउझरमध्ये मेटाची अ‍ॅड लायब्ररी उघडा, देश भारत निवडा, प्रकारात निवडणूक-राजकारण निवडा, पेजचं नाव टाका. प्रत्येक जाहिरातीचा खर्च कितीपासून कितीपर्यंत, ती साधारण किती वेळा दिसली, कोणत्या वयाच्या स्त्री-पुरुषांना दिसली, हे मिळतं. नोंद सात वर्षं राहते. पेजच्या पारदर्शकता विभागात ते कधी सुरू झालं, आधी नाव काय होतं, चालवणारे कोणत्या देशांत आहेत तेही दिसतं. गडकिल्ल्यांच्या फोटोंवर वाढवलेलं पेज एका रात्रीत ‘अमुक दादा समर्थक’ झालं असेल तर इथे उघडं पडतं. गूगल-यूट्यूबसाठी गूगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्र आहे.

दिसत नाही ते बातम्यांच्या किंवा मीमच्या स्थानिक पेजला हातोहात दिलेलं पाकीट. त्याची खूण एकच: एकाच दिवशी चार-पाच पेजवर तोच फोटो, तीच वाक्यं, तीच शुद्धलेखनाची चूक. निवडणूक काळात असं दिसलं तर लिंक, वेळ आणि स्क्रीनशॉट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. आचारसंहिता भंगाच्या तक्रारींसाठी असलेल्या आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर हे जमत नाही, तिथे जागेवर काढलेलाच फोटो-व्हिडिओ चालतो, गॅलरीतला नाही.

एजन्सीशी बिलावरून वाद झाला आणि पेज तिच्याकडेच अडकलं. आता काय? – एक वाचक, दादर

पेज कुणाच्या बिझनेस पोर्टफोलिओत (मेटावरची पेजं आणि जाहिराती सांभाळण्याचं खातं) आहे ते आधी बघा. एजन्सीच्या असेल तर तिने सोडल्याशिवाय ते सहज सुटत नाही. बिलाचा वाद बाजूला ठेवून लेखी मागणी करा, करारपत्र जोडा आणि मेटाकडे मालकीचा दावा टाका. त्यात आठवडे जाऊ शकतात, तोवर थांबू नका. नवं पेज काढा, जुन्या पेजशी संबंध नसल्याचा उमेदवाराचा व्हिडिओ त्याच्या खासगी प्रोफाइलवर टाका आणि शपथपत्रात नव्याच खात्याची लिंक द्या.

नवं पेज उमेदवाराच्या पोर्टफोलिओत, त्याच्याच नावाच्या सिमवर. पूर्ण ताबा दोघांकडे: उमेदवार आणि घरातली एक व्यक्ती. एजन्सीला फक्त पोस्ट आणि जाहिरातीपुरती परवानगी. दोन टप्प्यांची पडताळणी चालू, तिचे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात. मूळ व्हिडिओ दर शनिवारी स्वतःच्या हार्ड डिस्कवर घ्या. पेजवरून उतरवलेला व्हिडिओ दाबून दर्जा कमी केलेला असतो, आणि प्रमाणपत्रासाठी प्रत द्यायची वेळ येते तेव्हा मूळच लागतो.